सॉनी चिबा: पडद्यामागची तालीम

वाटाड्या

मराठीत ‘तालीम’ हा एकच शब्द दोन ठिकाणी चालतो. लाल मातीत पहिलवान घडतात ती तालीम, आणि नाटक उभे राहण्याआधी नट जी करतात तीही तालीम. जपानी अभिनेते शिनइची चिबा, म्हणजेच जगभर ज्यांना सॉनी चिबा म्हणून ओळखतात, त्यांची कारकीर्द समजून घ्यायला मला हा शब्द फार उपयोगी पडला. त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन ‘द स्ट्रीट फायटर’मधल्या हाणामारीपाशी सुरू होते आणि ‘किल बिल’मधल्या हात्तोरी हान्झोपाशी थांबते. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम पडद्याच्या मागे झाले, आणि ते म्हणजे दोन्ही अर्थांनी तालीम उभी करणे. हे मत नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकेल तिथे दुरुस्त करावे.

चिबा यांचा जन्म जानेवारी १९३९ मध्ये फुकुओका येथे झाला. त्यांचे मूळ नाव सादाहो माएदा. वडील लष्करात चाचणी वैमानिक होते आणि त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब चिबा प्रांतातल्या किमित्सु येथे येऊन राहिले. पुढे पडद्यासाठी घेतलेले ‘चिबा’ हे आडनाव याच प्रांताचे. शाळेपासून जिम्नॅस्टिक्सची ओढ होती, ऑलिंपिकला जायचे होते, त्यासाठी शारीरिक शिक्षणासाठी नावाजलेल्या निप्पॉन ताइइकु विद्यापीठात प्रवेशही मिळाला. पण पाठीच्या दुखापतीने ते स्वप्न तिथेच संपले. याच विद्यापीठाच्या काळात ते मासुतात्सु ओयामा यांच्याकडे कराटे शिकू लागले होते. ओयामा म्हणजे क्योकुशिन या अत्यंत कठोर कराटे शाखेचे संस्थापक. १९६५ मध्ये चिबा यांना त्यांच्याकडून काळा पट्टा मिळाला आणि १९८४ मध्ये चौथी श्रेणी.

या दोन विद्यांचा संगम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका शरीरात कराटेचा आघात आणि जिम्नॅस्टची झेप या दोन्ही गोष्टी असणारा नट तोपर्यंत जपानी चित्रपटात जवळजवळ नव्हता. तिथे मारामारीची परंपरा होती आणि ती समृद्ध होती, पण ती तलवारीची. तलवारयुद्धाच्या रचनेला जपानीत ‘ताते’ म्हणतात आणि ती बसवणाऱ्याला ‘तातेशी’. आपल्याकडचा फाईट मास्टर म्हणा ना. ही कला काबुकी रंगभूमीवरून आलेली, त्यामुळे तिच्यात लय, ठेका आणि थबकणे यांना महत्त्व. मोकळ्या हातांची मारामारी, उंचावरून उडी, चालत्या वाहनावरची झटापट, हे सारे त्या परंपरेच्या बाहेरचे होते.

१९५९ च्या सुमारास तोएई या चित्रपट कंपनीच्या नव्या चेहऱ्यांच्या निवडीत चिबा निवडले गेले. १९६० मध्ये ‘नानाइरो कामेन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या उत्तरार्धात त्यांनी मुखवटाधारी नायकाची भूमिका पहिल्या नटाकडून पुढे चालवली. १९६१ मध्ये ‘फुराइबो तान्तेइ’ या चित्रपटात ते नायक झाले, आणि तो दिग्दर्शक किंजी फुकासाकु यांचाही पहिलाच चित्रपट होता. दोघांची वाट एकाच ठिकाणाहून सुरू झाली आणि पुढची वीस वर्षे पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिली. घराघरात नाव पोहोचवले ते मात्र ‘की हंटर’ या मालिकेने. १९६८ ते १९७३ अशी पाच वर्षे चाललेल्या या गुप्तहेरकथेत तेत्सुरो तांबा आणि योको नोगिवा यांच्याबरोबर चिबा होते, आणि चालत्या गाडीवरून लटकण्यापासून इमारतीवरून झेप घेण्यापर्यंतची कामे ते स्वतः करत. नोगिवा पुढे त्यांच्या पत्नी झाल्या.

आता मुद्द्यावर येतो. ‘की हंटर’ ऐन भरात असताना, १९७० मध्ये, चिबा यांनी ‘जपान ॲक्शन क्लब’ स्थापन केला. त्यावेळी ते एकतीस वर्षांचे होते. या वयात लोकप्रिय नट स्वतःची प्रतिमा आणखी मोठी कशी होईल ते पाहतो. चिबा यांनी मुलामुलींना पडायला शिकवणारी शाळा काढली. ‘पडायला’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. मारणाऱ्याइतकेच मार खाणाऱ्याचे कौशल्य महत्त्वाचे असते, किंबहुना ठोसा खरा वाटतो तो पडणाऱ्यामुळे, हे त्यांना पुरते कळले होते. या क्लबमध्ये कराटे, जिम्नॅस्टिक्स, तलवार आणि साहसदृश्ये यांच्याबरोबर अभिनयही शिकवला जाई. हाँगकाँगमध्ये जॅकी चॅन यांनी स्वतःचे साहसपथक बांधले ते त्याच दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे चिबा यांच्या बऱ्याच नंतर.

चेहरा न दाखवता, नायकाच्या जागी उडी मारून घरी जाणारा माणूस हा सिनेमाच्या धंद्यात सर्वांत स्वस्त समजला जातो. त्याला शिक्षण, शिस्त आणि एक दिवस स्वतःच्या चेहऱ्यानिशी पडद्यावर येण्याची वाट मिळवून देणे, हे मला चिबा यांचे खरे कर्तृत्व वाटते.

रीळबदल

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. तुमचे प्रतिपादन मला पटते, पण त्यात एक धोका आहे आणि तो आधीच नोंदवून ठेवतो. ‘संस्था उभारली’ या गौरवात चिबा यांच्यातला नट झाकला जाऊ नये. मी १९७३ च्या एका भूमिकेबद्दल लिहितो, कारण ती भूमिका पाहिल्याशिवाय त्यांच्या अभिनयाविषयी बोलू नये असे माझे ठाम मत आहे.

फुकासाकु यांच्या ‘जिंगी नाकी तातकाई’ या गुन्हेगारी चित्रपटमालिकेचा दुसरा भाग हिरोशिमातल्या टोळीयुद्धावर आहे. त्यात चिबा यांनी कात्सुतोशी ओतोमो हा टोळीवाला उभा केला आहे. गॉगल, मोठमोठ्याने बोलणे, सतत काहीतरी खाजवणे, बसल्या जागी मांड्या फाकवून पसरणे आणि कोणत्याही क्षणी अंगावर धावून येण्याची तयारी. आधी ठरले होते त्यानुसार चिबा या चित्रपटात यामानाका नावाच्या एकाकी, अंतर्मुख मारेकऱ्याची भूमिका करणार होते आणि ओतोमोची भूमिका किन्या कितोओजी यांच्याकडे होती. चित्रीकरणाच्या तोंडावर अदलाबदल झाली. चिबा यांनी यामानाकाचे संवाद पाठ करून तयारी केली होती, त्यामुळे त्यांना हे सोपे गेले नाही. तरीही त्यांनी जे दिले ते जपानी गुन्हेगारीपटातल्या सर्वांत लक्षात राहणाऱ्या खलपुरुषांत गणले जाते.

माझे म्हणणे असे की इथे कराटेची एकही चाल नाही. ओतोमो भांडतो तो रस्त्यावरच्या गुंडासारखा, ताळतंत्र नसलेला. ज्या माणसाला इतकी वर्षे अंग ताब्यात ठेवण्याचे शिक्षण मिळाले आहे त्याने बेताल अंगाचा माणूस साकारायचा, हे उलट दिशेचे काम फार अवघड असते. उत्तम गाणाऱ्याला बेसूर गायला सांगून पाहा.

काळापट्टा

मी शाळकरी वयापासून कराटे शिकलो आणि आता शिकवतो, म्हणून एका मर्यादित अंगाने लिहितो.

‘द स्ट्रीट फायटर’, मूळ नाव ‘गेकितोत्सु! सात्सुजिनकेन’, १९७४ साली शिगेहिरो ओझावा यांनी दिग्दर्शित केला. त्यात चिबा यांनी ताकुमा त्सुरुगी हा पैसे घेऊन कोणतेही काम करणारा माणूस रंगवला आहे. हा चित्रपट पाहणारे पहिल्यांदा हसतात ते त्याच्या श्वासावर. मारामारीच्या आधी आणि मध्येच तो घशातून, पोटातून घरघरता, ओढलेला आवाज काढतो, चेहरा पिळवटतो, डोळे वटारतो. अनेकांना हे अतिरंजित नाटक वाटते. मूळ गोष्ट अशी की हे ‘इबुकी’ आहे. पोटाचे स्नायू आवळून, आवाज करत श्वास पूर्ण बाहेर टाकण्याची ही पद्धत क्योकुशिन आणि गोजू शाखांत रोजच्या सरावाचा भाग आहे. ‘सान्चिन’ हा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, करताना विद्यार्थी नेमका असाच श्वास घेतो, आणि त्याच वेळी गुरू त्याच्या खांद्यावर, पोटावर, मांड्यांवर थाप मारून शरीर घट्ट आहे की नाही ते पाहतात. चिबा यांनी तो श्वास दोजोतून, म्हणजे कराटेच्या तालमीतून, उचलला आणि कॅमेऱ्यासाठी मोठा केला. त्यामुळे त्सुरुगी हा चपळ नायक न राहता दबा धरलेल्या जनावरासारखा दिसतो.

दुसरे निरीक्षण आघाताबद्दल. क्योकुशिनमध्ये प्रत्यक्ष संपर्काची लढत असते. हातात मोजे नसतात आणि ठोसा छातीपोटावर पूर्ण ताकदीने बसतो. अशा ठिकाणी घडलेला माणूस ठोसा मारताना कंबर आणि मागचा पाय वापरतो. चिबा यांच्या दृश्यांत हात सुटण्याआधी टाच जमिनीत रुतते ते पाहा. अनेक नट केवळ खांद्यातून हात फेकतात, आणि मग ध्वनिमुद्रकाने कितीही मोठा आवाज घातला तरी तो ठोसा हलकाच दिसतो.

स्वतः ओयामा यांच्या जीवनावर तीन चित्रपट निघाले, दोन १९७५ मध्ये आणि तिसरा १९७७ मध्ये, कझुहिको यामागुची यांच्या दिग्दर्शनाखाली. त्यात ओयामांची भूमिका चिबा यांनी केली. शिष्याने गुरू जिवंत असतानाच पडद्यावर गुरू व्हावे, ही जबाबदारी काय असते ते दोजोत वाढलेल्याला सांगायला नको. बैल आणि अस्वलाशी झुंजण्याची दृश्ये आज पाहताना अडखळायला होते, हे मान्य करतो. पण त्यातली एकट्याने डोंगरात राहून केलेल्या सरावाची दृश्ये मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवतो.

शंकासमाधान

मला दोन हरकती घ्यायच्या आहेत. कृपया विरोधासाठी विरोध समजू नये.

पहिली म्हणजे, हे सारे ब्रूस ली यांच्या लाटेवर आलेले नाही का? जुलै १९७३ मध्ये ली यांचे निधन झाले, त्याच वर्षअखेरीस ‘एन्टर द ड्रॅगन’ जपानमध्ये प्रदर्शित होऊन प्रचंड गाजला, आणि अवघ्या काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘द स्ट्रीट फायटर’ आला. तोएईने संधी साधली, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. या चित्रपटांतली हिंसा केवळ भडक नाही, तर काही ठिकाणी घृणास्पद आहे. कवटी फुटताना क्ष-किरण चित्र दाखवणे याला मी कल्पकता म्हणेन, पण स्त्रियांवरच्या अत्याचाराची दृश्ये कथेला आवश्यक नसताना आणि नजरेला खूश करण्याच्या बेताने घातलेली आहेत. नायक ठरवलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून एका तरुणीला विकून टाकतो, आणि चित्रपट त्याच्याच बाजूने उभा राहतो. चिबा यांच्या शिस्तीचे आणि गुरुकुलाचे कौतुक करताना हे नजरेआड करू नये.

वाटाड्या

दोन्ही हरकती रास्त आहेत. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिला माझ्याकडे बचाव नाही. त्या दशकात दूरचित्रवाणीने प्रेक्षक हिरावून घेतल्यावर जपानी स्टुडिओ हिंसा आणि नग्नता यांच्या जोरावर चित्रपटगृहे भरू पाहत होते. तोएई त्यात आघाडीवर होती. हे कारण झाले, समर्थन नव्हे. अमेरिकेत न्यू लाइन कंपनीने ‘द स्ट्रीट फायटर’ वितरित केला तेव्हा केवळ हिंसेपोटी ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला चित्रपट ठरला, आणि पुढे बरीच काटछाट करून तो पुन्हा आणावा लागला. मी स्वतः ती तुम्ही सांगितलेली दृश्ये ओलांडून पुढे जातो.

पहिल्या हरकतीवर मात्र तारखा माझ्या बाजूने आहेत. ब्रूस ली यांच्या यशाने तोएईला धीर आला आणि निर्मितीचा वेग वाढला, यात शंका नाही. एकट्या १९७४ मध्ये त्सुरुगीचे तीन चित्रपट आले. पण चिबा यांचा कराटेवर आधारलेला ‘बॉडीगार्ड किबा’ ऑक्टोबर १९७३ मध्ये, म्हणजे ‘एन्टर द ड्रॅगन’ जपानमध्ये पोहोचण्याच्या आधीच, प्रदर्शित झाला होता. आणि क्लब तर १९७० चा. लाट आली तेव्हा पोहणारे आधीच तयार होते, असे मी म्हणेन. ज्या कंपनीकडे मोकळ्या हाताने लढू शकणारे तरुण नव्हते तिला त्या लाटेचा फायदा घेताच आला नसता.

जाता जाता, ‘बॉडीगार्ड किबा’च्या अमेरिकी आवृत्तीच्या सुरुवातीला बायबलच्या धाटणीचा एक बनावट उतारा घातला होता. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘पल्प फिक्शन’मध्ये सॅम्युएल जॅक्सन गोळी झाडण्यापूर्वी जो उतारा म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे.

पाऊलखूण

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून एत्सुको शिहोमी यांच्याविषयी लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. मूळ धाग्यात त्यांचे नाव नसल्याचे आश्चर्य वाटले.

शिहोमी जपान ॲक्शन क्लबमध्ये शिकायला आल्या त्या किशोरवयात. १९७४ मध्ये ‘ओन्ना हिस्सात्सुकेन’, इंग्रजीत ‘सिस्टर स्ट्रीट फायटर’, हा चित्रपट आला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि चित्रपटाच्या नायिका होत्या. चिबा यांनी त्यात दुय्यम भूमिका स्वीकारली. म्हणजे गुरूने शिष्येच्या चित्रपटाला आपले नाव दिले आणि पडद्यावर तिच्या मागे उभे राहिले. शिहोमी यांची साहसदृश्ये त्या स्वतः करत. त्यांची नायिका सुटकेसाठी कोणाची वाट पाहत नाही, भावाच्या शोधात स्वतः शत्रूच्या घरात शिरते, आणि कॅमेरा तिच्या अंगाकडे न बघता तिच्या लढण्याकडे बघतो. शंकासमाधान यांनी ज्या चित्रपटांवर बोट ठेवले त्याच कंपनीत, त्याच वर्षी हेही घडले. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, पण क्लबमध्ये मुलींना मुलांइतकेच कठोर शिक्षण मिळाले नसते तर ही नायिका शक्यच नव्हती. १९८७ मध्ये विवाहानंतर शिहोमी यांनी अभिनय सोडला. तेरा-चौदा वर्षांची ती कारकीर्द आणखी चालायला हवी होती, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

वाटाड्या

पाऊलखूण, ही माझी मोठी चूक होती आणि तुम्ही ती योग्य शब्दांत दुरुस्त केलीत. शिहोमी यांच्या उदाहरणाने माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला गेला.

क्लबमधून बाहेर पडलेल्या इतरांचीही थोडी माहिती देतो. केंजी ओबा यांनी १९७९ पासून लहान मुलांच्या साहसमालिकांमध्ये सलग भूमिका केल्या आणि १९८२ मध्ये ते ‘गावान’ झाले. चकाकत्या धातूच्या पोशाखातला हा अंतराळरक्षक जपानमधल्या एका पिढीचा लाडका आहे. शिनइची त्सुत्सुमी आज जपानमधले मान्यवर गंभीर अभिनेते आहेत, तेही इथलेच. आणि ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नसतात ते रंगीत पोशाखाच्या आत उड्या मारणारे कलाकार. १९९२ च्या ‘झ्युरेंजर’ या जपानी मालिकेतली साहसदृश्ये घेऊन अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ तयार झाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडची मुले दूरदर्शन संचासमोर बसून जे पाहत होती त्या हेल्मेटच्या आत अनेकदा चिबा यांच्या क्लबमध्ये पडायला शिकलेला माणूस होता.

खाडीपलीकडे

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये, टोकियो आखाताच्या पूर्वेला, म्हणजे चिबा प्रांतातच राहतो. किमित्सु माझ्यापासून दूर नाही. आज ते ओळखले जाते पोलादाच्या मोठ्या कारखान्यामुळे. समुद्रालगत धुराडी दिसतात आणि मागे बोसो द्वीपकल्पाच्या हिरव्या टेकड्या. चिबा लहान असताना इथे कारखाना नव्हता, मासेमारी आणि समुद्री शेवाळाची शेती होती. १९ ऑगस्ट २०२१ रोजी कोविडमुळे झालेल्या न्यूमोनियाने याच किमित्सुमधल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय ब्याऐंशी. ज्या गावाच्या प्रांताचे नाव त्यांनी आयुष्यभर लावले तिथेच शेवट झाला, हे वाचून मला त्या दिवशी फार भरून आले होते.

इथल्या वयस्कर सहकाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट जाणवली. परदेशी माणूस ‘सॉनी चिबा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात त्सुरुगी असतो. इथले लोक ‘चिबा शिनइची’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो याग्यु जुबेई, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला तलवारबाज. फुकासाकु यांच्या १९७८ च्या ‘याग्यु इचिझोकु नो इनबो’ आणि १९८१ च्या ‘माकाई तेन्शो’ या दोन्ही चित्रपटांत चिबा जुबेई होते. किंवा मग १९८० पासूनच्या ‘कागे नो गुंदान’ या मालिकेतला हात्तोरी हान्झो. म्हणजे कराटेने नाव कमावलेला नट अखेर तलवारीकडे, त्या जुन्या ताते परंपरेकडे परतला, आणि इथल्या प्रेक्षकांनी त्याला त्याच रूपात मनात ठेवले. ‘किल बिल’मध्ये टॅरंटिनो यांनी त्यांना हान्झो हेच नाव दिले ते या मालिकेच्या प्रेमापोटी. ओकिनावातल्या त्या सुशीच्या दुकानात हान्झोशी हुज्जत घालणारा मदतनीस आठवतो का? ते केंजी ओबा आहेत. गुरुशिष्यांची ती थट्टामस्करी माहीत असलेल्याला वेगळीच दिसते.

रीळबदल

खाडीपलीकडे यांचा प्रतिसाद वाचून हिरोयुकी सानादा यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘शोगुन’साठी त्यांना नाट्यमालिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारे ते पहिले जपानी अभिनेते. पण त्यांची सुरुवात कुठे आहे? १९६६ च्या ‘रोक्योकु कोमोरीउता’ या चित्रपटात चिबा यांच्या लहानग्या मुलाच्या भूमिकेत. त्यावेळी सानादा पाच वर्षांचे होते. पडद्यावरचा मुलगा पुढे क्लबमध्ये शिष्य म्हणून आला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला निन्जापटांचा तरुण नायक झाला. मग त्याने हळूहळू मारामारीच्या पलीकडची वाट धरली: १९९९ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक, २००२ मध्ये ‘तासोगारे सेइबेई’मधला कर्जात बुडालेला, मळक्या कपड्यांतला सामुराई.

‘शोगुन’मध्ये सानादा निर्मातेही होते, आणि पोशाख, चालणे, तलवार धरणे यांतली प्रत्येक गोष्ट जपानी असावी यासाठी त्यांनी जपानहून जाणकार कलाकार आणि तंत्रज्ञ नेले. स्वतःचे काम झाल्यावर इतरांचे अंग नीट पडते आहे की नाही हे पाहत सेटवर उभा राहणारा माणूस! ही सवय कुठली ते वाटाड्या यांच्या धाग्यामुळे मला आज नीट कळले.

शंकासमाधान

माझ्या पहिल्या हरकतीचे उत्तर मला मिळाले आणि ते मी स्वीकारतो. एक प्रश्न उरतो. इतकी मोठी संस्था चिबा यांच्याच हातात का राहिली नाही?

वाटाड्या

त्याची कहाणी दुःखद आहे. क्लबच्या वीस वर्षांच्या निमित्ताने चिबा यांनी १९९० मध्ये स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला. १९१५ मध्ये होक्काइदोत एका अस्वलाने गावकऱ्यांचे बळी घेतले होते, त्या घटनेवर तो बेतला होता. संगीत सानादा यांनी दिले होते. बर्फातले चित्रीकरण खर्चीक होते आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. त्यानंतर लवकरच चिबा यांना क्लबपासून दूर व्हावे लागले. क्लब मात्र बंद पडला नाही. ‘जपान ॲक्शन एंटरप्राइज’ या नावाने तो आजही काम करतो आणि मुलांच्या साहसमालिकांमधले मुखवटाधारी अजूनही तिथून येतात. संस्थापक गेल्यावरही तालमीत माती राहिली.

चिबा स्वतः नव्वदच्या दशकात अमेरिकेत कामे करू लागले. १९९८ मध्ये हाँगकाँगच्या ‘द स्टॉर्म रायडर्स’मध्ये ते खलनायक होते, २००३ मध्ये ‘किल बिल’मध्ये अभिनयाबरोबर त्यांनी कलाकारांना तलवारीचे शिक्षणही दिले, आणि २००६ मध्ये ‘टोकियो ड्रिफ्ट’मध्ये टोळीप्रमुख कामाता म्हणून आले. त्यांचे मुलगे माकेन्यु आणि गॉर्डन माएदा हे दोघेही अभिनेते आहेत. माकेन्यु यांना ‘वन पीस’मधल्या झोरोच्या तलवारींमुळे आपल्याकडची तरुण मंडळी ओळखतात.

काळापट्टा

धागा संपण्याआधी एक विनंती. ज्यांनी चिबा यांचे काहीच पाहिलेले नाही अशा माणसाने सुरुवात कुठून करावी, हे कोणीतरी सांगा. माझे विद्यार्थी विचारतात आणि त्यांना त्सुरुगी दाखवण्यासारखा नाही.

वाटाड्या

त्यांना १९७५ चा ‘शिन्कान्सेन दाइबाकुहा’ दाखवा. दिग्दर्शक जुनया सातो. टोकियोहून हाकाताला निघालेल्या ‘हिकारी १०९’ या अतिजलद गाडीत बाँब आहे, आणि गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली आला की तो फुटणार. गाडीत पंधराशे प्रवासी. बाँब ठेवणारा केन ताकाकुरा, नियंत्रण कक्षात केन उत्सुई, आणि गाडीचा चालक आओकी म्हणजे चिबा. जपानी रेल्वेने सहकार्य नाकारल्यामुळे गाडीचा बराच भाग स्टुडिओत आणि छोट्या प्रतिकृतींवर चित्रित करावा लागला होता.

गाडी जिथे चालली आहे ते हाकाता म्हणजे फुकुओकाचेच स्थानक, चिबा यांच्या जन्मगावाचे. या चित्रपटात ते एकही ठोसा मारत नाहीत आणि एकही उडी मारत नाहीत. जवळजवळ सगळा वेळ ते चालकाच्या खुर्चीत बसून असतात; एका हातात वेगाचा दांडा, कानाला नियंत्रण कक्षाचा फोन, नजर वेगमापकाच्या काट्यावर. काटा नव्वदकडे झुकू लागतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फारसे काही होत नाही. खांदे मात्र हळूहळू कानांकडे चढत जातात, मान आत ओढली जाते, आणि काटा पुन्हा वर सरकला की एक लांब श्वास बाहेर पडतो. विद्यार्थ्यांना तो श्वास ऐकायला सांगा. त्यांनी तो दोजोत रोज घेतलेला आहे.